पुलानंतरची दोन रिळं

युद्धपटांचा विषय निघाला की मी एका जुन्या हिंदी चित्रपटाचं नाव घेतो आणि लगेच जोडतो, "पण पूर्ण लांबीचा." नाव इथे लिहीत नाही. ते लिहिलं की लोक त्यातली गाणी गुणगुणायला लागतात आणि मुद्दा राहून जातो. ऐकणाऱ्याने बहुधा कुठेतरी कापलेला, छोटा चित्रपट पाहिलेला असतो. शेवटची वीस मिनिटं असली काय नि नसली काय, उलट ती जरा रटाळच असतील, असं त्याचं मत पडतं. माझं मत एकेकाळी याच्याही पुढचं होतं. ती वीस मिनिटं नाहीत म्हणूनच हा चित्रपट थोर आहे, असं मी एका सभेत पाऊण तास सांगितलं होतं. ती वीस मिनिटं अस्तित्वात आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पासष्टची लढाई संपून वर्ष उलटलं होतं. मी चिखलीला एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. गावात पत्र्याचं एक थेटर होतं. पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात संवाद ऐकू येत नसत, आणि उन्हाळ्यात संवाद ऐकण्याइतकं भान उरत नसे. बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची असे, कारण त्या दुपारी वर्गात मुलं नसत आणि खरं सांगायचं तर मास्तरही नसत. सगळे तीनच्या खेळाला असत. आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजार आटोपून, पिशव्या पायांत धरून बसत. भोवती कोथिंबिरीचा वास असे.

हा चित्रपट आला आणि पाच आठवडे हलला नाही. मी तो सात वेळा पाहिला. गोष्ट साधी आहे. सीमेवर एक नदी, नदीवर पूल, पूल राखणारी एक तुकडी. तुकडीत एक लांगरी, म्हणजे फौजेतला स्वयंपाकी. हा जाडा, घाबरट आणि विनोदी. तोफ उडाली की पातेल्यामागे लपतो आणि दर अर्ध्या तासाने सुभेदाराला सांगतो, "एक दिन मैं भाग जाऊँगा, साब." थेटर हसतं. मग मोठा हल्ला होतो. पुलापलीकडच्या खंदकात चार शिपाई उपाशी अडकलेले असतात. लांगरी खिचडीचं पातेलं फडक्यात बांधतो, नदीकाठच्या उंच गवतात शिरतो आणि दिसेनासा होतो. पुढे लढाई, धूर, पुलावर झेंडा, समाप्त. लांगरीचं काय झालं हे पडद्यावर कोणी विचारत नाही.

ते थेटरात विचारलं जाई. झेंडा वर चढत असताना पुढच्या बाकांवरून एक आवाज यायचा, "आन् थो खिचडीवाला कुठी गेला बे?" दुसरा उत्तर द्यायचा, "पयाला. सांगूनच पयाला ना थो." मग सगळे बाक एका सुरात, "पयाला, पयाला." पयाला म्हणजे पळाला. शिट्ट्या, हशा. दुसऱ्या आठवड्यापासून हा चित्रपटाचाच भाग होऊन बसला. डोणगावकडे जाणारी शेवटची येष्टी सहाला सुटे, त्यामुळे लोक हसत हसतच स्टँडकडे धावत. राष्ट्रगीत सुरू व्हायचं तेव्हा उभं राहायला फारसं कोणी उरलेलं नसायचं.

मी मात्र त्या शेवटाने भारावलो होतो. शाळेच्या वाङ्मय मंडळात मी त्यावर व्याख्यान दिलं. दिग्दर्शकाने पळपुट्या माणसाला शिक्षा केली नाही, माफीही दिली नाही, त्याला गवतात सोडून दिलं आणि आपण झेंड्याकडे वळला. या अनुत्तरित शेवटात केवढं धैर्य आहे आणि ते आपल्या मराठी लेखकांना कधी येणार, असा एकूण सूर होता. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक आभार मानताना म्हणाले की अशा विचारांची आज देशाला गरज आहे. देशाला नेमकी कशाची गरज आहे, हे त्यांना दर कार्यक्रमाला नव्याने कळत असे.

सभागृहाच्या दाराशी पाण्याचा माठ होता आणि माठाजवळ शाळेचे शिपाई उभे होते. वयाने पन्नाशीपुढचे. सगळी शाळा त्यांना मामा म्हणे.

मामांचा एकुलता एक मुलगा फौजेत लांगरी होता. लढाईत तो बेपत्ता झाला होता.

हे मला ठाऊक होतं. ते सरकारी पत्र त्यांना मीच वाचून दाखवलं होतं. इंग्रजीत अडीच ओळी होत्या. शेवटची अर्धी ओळ खेदाची. तरीही त्या दिवशी 'पळपुटा लांगरी' हे शब्द मी तीन-चारदा तरी उच्चारले, आणि कोणासमोर उच्चारतोय हे माझ्या ध्यानात आलं नाही. व्याख्यान संपल्यावर मामांनी मला पेला भरून दिला. "लय बोलले सर," म्हणाले. "घसा सुकला असंन."

मामा दर बाजाराच्या दिवशी तीनच्या खेळाला यायचे. मागच्या भिंतीला टेकून बसायचे. मला वाटायचं, पडद्यावरच्या लांगरीत त्यांना मुलगा दिसत असेल. गावातल्या लोकांनाही तेच वाटायचं, फक्त ते बोलून दाखवायचे. चहाच्या हॉटेलात कोणीतरी विचारी, "काय मामा, पोराचं पत्र-बित्र? का तोबी गवतात गेला?" मामा म्हणायचे, "येईन पत्र." इतकंच. त्यांना रागावलेलं मी कधी पाहिलं नाही. मी मात्र त्यांच्या वतीने मनात रागवायचो. त्याला काही खर्च नव्हता.

चौथ्या आठवड्यात मी एका नातेवाइकाला आणायला मलकापूरला गेलो. नागपूरकडची गाडी चार तास उशिरा होती. स्टेशनावर बसून काय करणार? गावातल्या थेटरावर हाच चित्रपट लागलेला दिसला, आणि मी आठव्यांदा जाऊन बसलो.

पुलावर झेंडा चढला. मी सवयीने अंधारात पायांनी चपला शोधल्या, एक सापडली, आणि उठलो. मागच्या माणसाने माझा शर्ट खाली ओढला.

"बसा ना भाऊ. पिच्चर संपला नाई."

"संपला," मी जाणकाराच्या थाटात म्हणालो.

"पह्यल्यांदाच पाहून राह्यले वाट्टे," तो शेजारणीला म्हणाला.

पडद्यावर झेंड्यानंतर संध्याकाळ झाली. सुभेदार तुकडीची हजेरी घेत होता. एक कमी भरला. त्याने पुन्हा मोजलं. मग तो कोणाला काही न सांगता उठला आणि गवतात शिरला. एका पायात चप्पल घातलेला मी मटकन खाली बसलो.

यानंतरची वीस मिनिटं कोणी बोलत नाही. गाणं नाही, तोफ नाही. एक म्हातारा होत चाललेला माणूस गवत बाजूला सारत चालतो, थांबतो, वळतो, चिखलात पाय फसतो तो काढतो. अंधार पडतो, उजाडतं. शेवटी त्याला लांगरी सापडतो. खंदकापासून पन्नास पावलांवर, पुढच्या दिशेला तोंड केलेला, बसलेला. छातीत गोळी. पातेलं मांडीत, फडक्याची गाठ न सुटलेली. सुभेदार त्याच्या शेजारी बसतो. गाठ सोडतो. झाकण काढून बराच वेळ आत पाहतो. मग एक घास घेऊन खातो. समाप्त.

दिवे लागले तेव्हा माझे कान गरम झाले होते. सात वेळा. सात वेळा मी पूल राखलेला पाहून घरी गेलो होतो, आणि हा माणूस त्या सगळ्या वेळी तिथे गवतात पातेलं मांडीवर घेऊन बसलेला होता. आणि मी त्याला पळपुटा म्हणालो होतो, माठाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या देखत. नातेवाइकाची गाडी आली, तो उतरला. माझं तोंड पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला, घरी सगळं बरं आहे ना?

चिखलीला परतल्यावर मी थेट थेटरात गेलो. तिथला ऑपरेटर, म्हणजे मशीन चालवणारा, लहानपणी चौथीपर्यंत माझ्या बाकावर बसायचा. तो केबिनबाहेर पायरीवर बसून चहा पीत होता.

"काऊन बे, पिच्चरची शेवटची दोन रिळं कुठी हायेत?"

"डब्यात," तो म्हणाला. आगपेटी कुठे आहे असं विचारल्यासारखं.

"डब्यात कायले?"

"सहाची येष्टी माह्यासाठी थांबते काय? पह्यल्या बाजाराले पुरा लावला होता. झेंडा चढला आन् सप्पा थेटर उठलं. बाया, लेकरं, पिशव्या, अंधारात चेंगराचेंगरी. मालक म्हने, वीस मिन्टं काढ."

"मंग दुसरं काही काढायचं होतं."

"काय काढू? गानं काढलं त बाक तोडतीन. लढाई काढली त मले तोडतीन. न्यूजरील सरकारी हाय, त्याले हात लावता येत नाई. उरलं काय? एक बुढा गवतात फिरून राह्यला. वीस मिन्टं. तोंडातून शबद नाई."

"आणि रात्रीचा खेळ? रात्री कुठे आहे येष्टी?"

"एकदा काढलेलं रोज कोन जोडत बसते?"

मला पुढचा प्रश्न विचारायची भीती वाटत होती. "आणि ते 'समाप्त'? ते तर शेवटच्या रिळात असेल."

त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "थे मंग कापून झेंड्याले जोडलं ना म्या. जोड दिसते काय? खरं सांग, सात डाव पाह्यला तू. दिसला काय?"

दिसला नव्हता. ज्या अनुत्तरित शेवटावर मी पाऊण तास बोललो होतो, ज्याचं धैर्य मराठी लेखकांत मी शोधत होतो, त्याचा कर्ता माझ्यासमोर बशीत चहा ओतून फुंकत होता.

मी मुख्याध्यापकांना जाऊन सगळं सांगितलं. माझी इच्छा साधी होती: एका बाजाराच्या दिवशी तरी ही दोन रिळं दाखवावीत, म्हणजे दर बाजाराला ओरडणाऱ्या बाकांना कळेल, लांगरी पळाला नव्हता. मुख्याध्यापकांनी ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कार्यक्रम उभा राहिला. संध्याकाळपर्यंत त्याला अध्यक्ष मिळाले होते, स्वागताध्यक्ष मिळाले होते, आणि उद्घाटक म्हणून पंचायत समितीचे सभापती ठरले होते. चित्रपटाचं उद्घाटन कसं करतात हे कोणालाच माहीत नव्हतं, पण त्यावाचून काही अडलं नाही. जवानाचे वडील म्हणून मामांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. पत्रक छापलं गेलं. त्यात 'संपूर्ण' हा शब्द माझ्या आग्रहाने जाड ठशात घातला.

मामांना ही बातमी आपण स्वतः द्यावी म्हणून मी दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्यांना गाठलं. ते खडू निवडत होते. मोडके एका डब्यात, धड एका डब्यात.

"मामा, तो लांगरी पळालेला नाही."

"कोनता?"

"पिच्चरमधला. पुढे आणखी वीस मिनिटं आहेत. आपल्याकडे दाखवत नाहीत. सुभेदार त्याला शोधायला जातो."

त्यांचे हात थांबले. "शोधाले जाते?"

"हो. रात्रभर शोधतो. आणि सापडतो."

"जित्ता?"

हा प्रश्न येईल, हे मला सुचलं नव्हतं. इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही."

मामा पुन्हा खडू निवडायला लागले.

"मंग कायले दाखोता सर लोकाहिले?"

"लोक म्हणतात ना, पळाला म्हणून. त्याला म्हणतात आणि..." मी अडखळलो. "तुमच्याही मुलाला म्हणतात. त्यांची तोंडं बंद होतील."

"म्हन्तात त म्हनू द्या ना," मामा म्हणाले. "पयाला असंन त जित्ता असंन."

त्यांनी हातातला खडू धड खडूंच्या डब्यात टाकला.

"दर बाजाराले मी कायले जातो तिथं? लढाई पाहाले? सप्पा थेटर एका तोंडानं म्हन्ते, पयाला, पयाला. मले बरं वाट्टे सर. दोनशे मानूस म्हनून राह्यलं त त्यात काई त खरं असंन. कुठीतरी गेला असंन. भीत असंन याले. येईन." त्यांनी एक खडू उचलला, मोडका आहे की धड हे उजेडात धरून पाहिलं. "तुमी त्या दिशी एवढे बोलले, थेबी मले बरं वाटलं. तुमच्यासारखा शिकेल मानूस पयाला म्हन्ते."

आयुष्यात माझ्या एकाही व्याख्यानाचा कोणावर परिणाम झाल्याचं मला ठाऊक नाही. याचा झाला होता. मी व्हरांड्यातून वर्गात गेलो आणि मुलांना काय शिकवलं ते आठवत नाही.

कार्यक्रम थांबवायला मी त्याच दुपारी मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी मला पत्रक दाखवलं. सभापतींचं नाव छापलेलं होतं. छापलेलं नाव पुसता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी थेटराच्या पायरीवर गेलो.

"ती दोन रिळं नको लावू," मी ऑपरेटरला म्हणालो.

"काल मले जोड म्हने. आज काप म्हन्ते."

"पुलावर बंद कर आणि दिवे लाव. कारण नको विचारू."

"समाप्त आता मांगं जोडून ठेवला ना बे म्या तुह्या नादानं." तो कुरकुरला, पण कबूल झाला. "मास्तर लोकाहिचं काई खरं नाई," असं पायऱ्या चढता चढता म्हणाला, आणि त्या दिवशी मला ते अतिशय अचूक वाटलं.

कार्यक्रम बाराचा होता. सभापतींची जीप अडीचला आली. पडद्यासमोर फीत बांधली होती, ती कापण्यात आली. अशा रीतीने पडद्याचं उद्घाटन झालं. चार भाषणं झाली. चारही वक्त्यांनी वेळेअभावी दोन शब्द सांगतो असं सांगितलं. मामा स्टेजवर खुर्चीच्या कडेला बसले होते, धुतलेला सदरा, पाय कुठे ठेवावेत हे न कळून एकमेकांवर ठेवलेले. सभापतींनी त्यांच्या खांद्यांवर शाल घातली आणि ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "अशा या वीरपित्यानं आपला पुत्र मातृभूमीच्या चरणी अर्पण केला."

मामा खुर्चीवरून अर्धवट उठले. ध्वनिक्षेपक जवळच होता, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. "अजून पत्र नाई आलं साहेब."

सभापतींनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. टाळ्या पडल्या. टाळ्या कशासाठी पडल्या हे मला आजही सांगता येणार नाही. पाहुणे जीपमध्ये बसून गेले आणि साडेतीनच्या पुढे एकदाचा चित्रपट सुरू झाला. मामांना पहिल्या रांगेत, शाल आणि नारळासकट, खुर्चीत बसवलं होतं. मी त्यांच्या मागे.

या सगळ्यात कोणाच्या लक्षात आलं नाही ते असं. भाषणांनी वेळ खाल्ला होता, पण येष्टी सहालाच सुटणार होती. लढाई ऐन रंगात असताना बाक रिकामे होऊ लागले. पिशव्यांची सळसळ, लेकरांना हाका, धक्के. खेड्यांतली माणसं गेली, आणि ओरडणारे पुढचे बाक त्यांचेच होते. थेटरात चाळीसेक माणसं उरली.

झेंडा वर चढला. ठरल्याप्रमाणे मशीन थांबलं, दिवे लागले.

कोणी काहीच म्हणालं नाही.

मामांनी वाट पाहिली. मग खुर्चीत वळून रिकाम्या बाकांकडे पाहिलं. जे ऐकायला ते दर आठवड्याला येत, ते म्हणणारं कोणी तिथे नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं. पळाला, असं मी स्वतःच ओरडायला हवं होतं. व्याख्यानात ज्याला चार वेळा जमलं त्याला एकदा अजून जमलं असतं.

मामा उठले. शाल खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि मान वर करून केबिनच्या भोकाकडे पाहत म्हणाले, "बाकीचं लाव, बापू."

भोकातून ऑपरेटरचं डोकं बाहेर आलं. "सर नाई म्हने."

चाळीस माणसं माझ्याकडे पाहू लागली.

"सर काऊन नाई म्हने थे मले मालूम हाय," मामा म्हणाले. "लाव."

दिवे गेले. सुभेदाराने हजेरी घेतली, एक कमी भरला, आणि तो गवतात शिरला. मी पडदा पाहत नव्हतो. समोर मामांचं डोकं आणि कान दिसत होते. सुभेदार थांबला की ते थांबत, म्हणजे श्वास धरत; तो चालू लागला की खांदे हलत. लांगरी सापडला तेव्हा कोणी हुंदका दिला, तो मामांचा नव्हता. सुभेदाराने गाठ सोडली. झाकण काढलं. घास खाल्ला. मागून कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "अरे बाप्पा." राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले, चाळीसच्या चाळीस.

बाहेर उजेड जेमतेम उरला होता. मला काहीतरी बोलायचं होतं, क्षमा मागायची होती, पण त्यासाठी लागणारे सगळे शब्द दुपारी भाषणांत वापरून झाले होते. मामाच बोलले.

"एकटाच गेला थो सुभेदार." दहा पावलं चालल्यावर पुन्हा, "पन गेला ना कोनी. पयाला म्हनलं त कोनी शोधाले जात नाई. आपन सप्पा येष्टी पकडाले जातो."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. "एक कागद लिहून द्या सर. त्याच्या पलटणीले."

मी इंग्रजी अर्जांना सरावलेला माणूस. अत्यंत आदरपूर्वक, आपला आज्ञाधारक, कृपावंत होऊन. हात आपोआप चालायला लागला. मामांनी तो कागद मला वाचून दाखवायला लावला आणि बाजूला सारला. "थे नका लिहू. हिंदीत लिहा. जित्ता हाय का मेला थेबी इचारू नका, थे त्याहिले मालूम असतं त सांगलं असतं त्याहिनं. त्याले शोधाले कोनी गेल्तं काय, येवढंच इचारा."

एवढंच विचारलं. एका ओळीचं ते पत्र लिहायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा आजवर कशाला लागलेला नाही. चित्रपट त्या आठवड्यात गावातून गेला. पेटी परत पाठवण्यापूर्वी ऑपरेटरने दोन्ही रिळं नीट जोडली की नाही, हे मी विचारलं नाही.

उत्तर यायला चार महिने लागले. ते येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि आलं तर छापील असेल, अर्धी ओळ खेदाची, असं गृहीत धरलं होतं. ते पोस्टकार्ड होतं, पेन्सिलीने हिंदीत लिहिलेलं. तुकडीतल्या कोणा हवालदाराचं. व्हरांड्यात मामांसमोर मी ते वाचलं. "हम तीन आदमी गए थे. दो दिन ढूँढा. नहीं मिला." खाली सही, आणि सहीखाली, जागा उरली म्हणून की काय, "रोटी अच्छी बनाता था."

मामांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

"तीन जन," ते म्हणाले. "एक नाई, तीन."

"हो."

"दोन दिवस."

"हो मामा."

त्यांच्या कपाळावर एक आठी पडली, घरात पाहुणे आल्यावर गृहस्थाच्या कपाळावर पडते तशी.

"मंग सर, सायपाक कराले त हाच होता त्याहिच्यात. त्या तिघाहिले दोन दिवस जेवाले कोन घातलं असंन?"

मामांनी व्हरांड्यातल्या टेबलावरची दौत माझ्यापुढे सरकवली.

"थेबी इचारून पाहा," म्हणाले.